अमेरिकेचे यादवी युद्ध आणि आपल्या सुताचा भाव

सुताचा भाव चढला की मागांचा खडखडाट मंदावतो, हे भिवंडीचे मूल शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच शिकते. परंतु हा भाव ठरतो कोठे? भिवंडीच्या पेढीवर? मुंबईच्या बाजारात? की आपल्या वाडवडिलांनी कधी न पाहिलेल्या एखाद्या दूरच्या देशात? एकोणिसाव्या शतकात एकदा तो खरोखरच अमेरिकेच्या रणांगणावर ठरला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेची उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्ये आपसांत लढली. या युद्धाचे हादरे मुंबईच्या कापूसबाजारापर्यंत, वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यापर्यंत आणि हातमागावर बसलेल्या विणकरापर्यंत पोहोचले. त्या युद्धातील निर्णायक प्रसंगांचा आणि आपल्या मुलुखावर झालेल्या त्यांच्या परिणामांचा येथे थोडक्यात विचार करू.

युद्ध का पेटले?

दक्षिणेकडील राज्यांची श्रीमंती मुख्यतः कापसावर उभी होती आणि हा कापूस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या व त्यांच्या वंशजांच्या घामावर पिकत होता. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. त्यांत मुसलमानही होते. आजच्या सेनेगाल देशातील फुता तोरो प्रांतात जन्मलेले उमर इब्न सईद हे असेच एक विद्वान गृहस्थ. १८०७ साली त्यांना पकडून अमेरिकेतील चार्ल्स्टनच्या बंदरात विकण्यात आले. १८३१ साली त्यांनी आपले आत्मवृत्त अरबी भाषेत लिहिले. त्याच्या प्रारंभी त्यांनी सूरह मुल्क लिहिली आहे. सर्व सत्ता अल्लाहच्याच हाती आहे, असे सांगणारी ही सूरह. माणसाने माणसाचा मालक व्हावे या प्रथेला एका गुलामाने दिलेले याहून नेमके उत्तर कोणते असू शकेल? १८६४ साली, युद्ध संपण्याच्या थोडे आधी, ते गुलामीतच वारले. त्यांचे हस्तलिखित आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेले आहे.

गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत प्रसार होऊ द्यायचा नाही, असे म्हणणारे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. दक्षिणेला हे सहन झाले नाही. एकामागून एक राज्ये संघराज्यातून फुटून निघू लागली (पुढे ती एकूण अकरा झाली) आणि १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर मारा सुरू केला. हा किल्ला त्याच चार्ल्स्टनच्या बंदरात होता.

समुद्राची कोंडी

किल्ल्यावर तोफा डागल्यानंतर आठवड्याभरातच लिंकन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा होता आणि उत्तरेकडे प्रारंभी जहाजे थोडी होती. त्यामुळे दक्षिणेचे पुढारी निर्धास्त होते. त्यांचा हिशेब असा, की ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक आपण पुरवितो. तो थांबला की ब्रिटन आपणहून आपल्या बाजूने उभे राहील. म्हणून त्यांनी स्वतःही कापूस अडवून धरला. २१ जुलै १८६१ रोजी बुल रनच्या पहिल्या मोठ्या लढाईत दक्षिणेचा विजय झाला, तेव्हा तर त्यांचा आत्मविश्वास फारच वाढला.

पण हा हिशेब चुकला. १८६० चे पीक भरघोस आले होते व ब्रिटनमधील वखारी भरलेल्या होत्या. त्या रिकाम्या होईपर्यंत नाकेबंदी आवळत गेली. एप्रिल १८६२ मध्ये कापसाच्या निर्यातीचे सर्वांत मोठे बंदर न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या आरमाराने घेतले. आता ब्रिटनच्या गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. आपला कापूस आखूड धाग्याचा. एरवी ‘सुरती’ म्हणून तेथे त्याला नाके मुरडली जात. परंतु अडचणीच्या वेळी तोच सोन्यासारखा वाटू लागला. १८६२ साली ब्रिटनने आयात केलेल्या कापसापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश कापूस हिंदुस्थानातून गेला. दोन वर्षांत तराजूची पारडी अशी उलटी झाली.

अँटिएटम आणि मुक्तीचा जाहीरनामा

१८६२ च्या सप्टेंबरात दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली आपले सैन्य घेऊन उत्तरेच्या प्रदेशात घुसला. १७ सप्टेंबर रोजी अँटिएटम ओढ्याकाठी जी लढाई झाली, तीत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तेवीस हजार सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. लष्करी दृष्ट्या हा उत्तरेचा पूर्ण विजय नव्हता. मात्र ली याला माघार घ्यावी लागली आणि लिंकन ज्या संधीची वाट पाहत होते ती त्यांना मिळाली. पाचच दिवसांनी त्यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा प्रसिद्ध केला. १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतील गुलाम स्वतंत्र आहेत, असे तो सांगत होता.

या जाहीरनाम्याने युद्धाचे स्वरूपच बदलले. तोवरची लढाई देश एकसंध राखण्यासाठी होती. आता ती माणसाच्या स्वातंत्र्यासाठीही झाली. ज्या ब्रिटनने आपल्या साम्राज्यात गुलामगिरी बंद केली होती, त्याला गुलामांच्या मालकांची बाजू उघडपणे घेणे अवघड झाले. सुमारे एक लाख ऐंशी हजार काळ्या सैनिकांनी पुढे उत्तरेच्या सैन्यात भाग घेतला.

उपाशी विणकरांचा कौल

या ठिकाणी भिवंडीच्या वाचकांनी क्षणभर थांबावे, असा एक प्रसंग आहे. कापूस संपल्यामुळे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या हिवाळ्यात तेथील सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. दक्षिणेची नाकेबंदी आपल्या सरकारने मोडून काढावी, म्हणजे गिरण्या सुरू होतील, अशी मागणी या उपाशी कामगारांनी केली असती तर त्यांना कोण दोष देणार होते? काही गावांतून तसे सूर निघालेही. परंतु ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची मोठी सभा भरली आणि तिने लिंकन यांना पत्र पाठविले. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात आम्ही तुमच्या बाजूने आहोत, असा त्याचा आशय होता. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्यांना उत्तर लिहिले व त्यांच्या त्यागाचा मोठ्या आदराने गौरव केला.

ज्यांच्या हाताला काम नव्हते त्या विणकरांनी दुसऱ्याच्या घामावर फुकट पिकलेला कापूस नको म्हटले. आपल्या भाकरीचा प्रश्न आणि दुसऱ्याच्या न्यायाचा प्रश्न यांत त्यांनी न्यायाची बाजू घेतली. मागावर बसणाऱ्या सर्व लोकांना अभिमान वाटावा असा हा इतिहास आहे.

जुलै १८६३

युद्धाचे पारडे निर्णायकपणे फिरले ते १८६३ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत. ली याने पुन्हा उत्तरेवर स्वारी केली आणि १ ते ३ जुलै या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथे घनघोर संग्राम झाला. शेवटच्या दिवशी दक्षिणेचे बारा हजारांहून अधिक शिपाई उघड्या मैदानातून उत्तरेच्या तोफांवर चालून गेले व निम्म्याच्या आसपास कामी आले किंवा जायबंदी झाले. तीन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे पन्नास हजारांची हानी झाली. ली याला त्यानंतर उत्तरेवर अशी मोठी स्वारी कधीच करता आली नाही.

दुसऱ्याच दिवशी, ४ जुलै रोजी, मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग हे ठाणे सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर सेनापती ग्रँटच्या स्वाधीन झाले. गेटिसबर्गचे नाव अधिक गाजले, पण व्हिक्सबर्गचे महत्त्व कमी नाही. संपूर्ण मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि दक्षिणेचा मुलूख मधोमध चिरला गेला.

मुंबईत सोन्याचा पूर

आता आपल्याकडे वळू. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन कापसाचा भाव १८६० साली पौंडाला सहा-सात पेन्स होता. १८६४ मध्ये तो पंचवीस पेन्सच्याही वर गेला. वऱ्हाड, खानदेश, धारवाड व गुजरातेतील कापूस मिळेल त्या वाहनाने मुंबईकडे धावू लागला. कसारा घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. तोपर्यंत त्या बाजूचा माल घाटातून बैलगाड्यांनीच उतरत असे. भिवंडीवरून जाणारा आग्रा रोड हाच त्या काळचा राजरस्ता होता. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना रुप्याच्या धावा बसविल्याच्या गोष्टी त्या दिवसांत सांगितल्या जात. कापसाच्या नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे आठ कोटी दहा लाख पौंड अधिक या वर्षांत मुंबईला मिळाले, असा अंदाज पुढे इतिहासकारांनी नोंदविला आहे.

हातमागाच्या विणकराला मात्र या पुरातून थेंबही मिळाला नाही. कापूस महाग म्हणून सूत महाग, आणि सूत महाग म्हणून कापडाला गिऱ्हाईक नाही, अशी त्याची कोंडी झाली. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून कितीतरी मोमीन कुटुंबे आग्रा रोडने मालेगाव व भिवंडीकडे येऊन वसली. एका युद्धाने ज्यांचे घर सुटले, त्या विणकर वर्गाला दुसऱ्या युद्धाने अशा रीतीने सुतासाठी ताटकळत ठेवले.

व्यापाऱ्यांच्या हाती आलेला पैसा सट्ट्यात गेला. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका आणि कितीतरी जमीन, विमा व जहाज कंपन्या उभ्या होत्या. त्यांतल्या अनेक केवळ कागदावर होत्या. बॅक बेच्या समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जात होता. या साऱ्याचा सूत्रधार म्हणून शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

अटलांटा ते अपोमॅटॉक्स

२ सप्टेंबर १८६४ रोजी सेनापती शर्मनने दक्षिणेचे अटलांटा शहर घेतले. या विजयामुळे नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आले. डिसेंबरात शर्मन समुद्रकिनाऱ्यावरील सॅव्हाना येथे पोहोचला. युद्ध संपत आल्याची चिन्हे ज्याला वाचता येत होती, त्याला कापसाचा भाव टिकणार नाही हे समजत होते. परंतु मुंबईतील बहुतेकांना हा भाव कायमचाच वाटला.

९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स येथे ली याने ग्रँटपुढे शरणागती पत्करली. १४ एप्रिलच्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला. डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची रद्द झाली. या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

इकडे शांततेची वार्ता येताच कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा मुंबईतील वायद्यांचा मोठा दिवस. त्या दिवशी देणेकऱ्यांना पैसे भरता आले नाहीत आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. पुढच्या वर्षी प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे वाजले. १८६८ साली जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. खेड्यांतही हाल झाले. तेजीच्या दिवसांत घेतलेले कर्ज आणि नंतर वाढलेला शेतसारा यांखाली दख्खनचा शेतकरी पिचला व १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला.

बुडाले काय, उरले काय?

कंपन्या गेल्या, शेअरांचे कागद रद्दीत गेले. मग त्या अफाट पैशातून काहीच उरले नाही काय? उरले. तेजीच्या काळात प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले होते. १८७८ साली पूर्ण झालेला तो राजाबाई टॉवर, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने, आजही उभा आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून विद्यापीठाचे पदवीदान सभागृह झाले. सट्ट्यात घातलेला रुपया एका दिवसात बुडाला. विद्येसाठी दिलेल्या रुपयाचे व्याज दीडशे वर्षे चालू आहे.

याच सुमारास आपल्या समाजातील एक तरुण, बद्रुद्दीन तय्यबजी, विलायतेत कायद्याचा अभ्यास करीत होते. १८६७ साली ते बॅरिस्टर होऊन परतले आणि १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्या संस्थेच्या शाळांतून किती घरांत दिवा लागला याची मोजदाद कोणत्याही शेअरबाजारात होणार नाही.

२०११ साली जगभर कापूस कडाडला, तेव्हा आपल्या यंत्रमागांनाही महाग सुताची झळ बसली. असे प्रसंग पुढेही येतील. दूर कोठे युद्ध होईल, एखादे बंदर बंद पडेल आणि भिवंडीच्या गल्लीत मजुरी थांबेल. ते थांबविणे आपल्या हाती नाही. मात्र नकाशा वाचता येणारा, वर्तमानपत्रातील बातमीचा अर्थ लावणारा आणि हिशेब समजणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर ते घर वाऱ्यावर सोडल्यासारखे होणार नाही. तेजीच्या वर्षी आणखी एक माग घ्यावा की मुलीचे कॉलेज पुरे करावे, असा प्रश्न ज्या पालकांपुढे येईल, त्यांनी १८६५ ची मुंबई आठवावी. आणि विद्यार्थ्यांनी मँचेस्टरचे ते विणकर आठवावेत. इल्माने भाव समजतो खरा, पण कोणत्या मालाला हात लावू नये हेही त्यानेच समजले पाहिजे.