गल्ला म्हणजे कौल नव्हे

भोपाळमध्ये मेळ्यांना तोटा नाही. गौहर महालात हातमागाची आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरतात, भोपाळ हाटमध्ये काही ना काही चालूच असतं. अशा कुठल्याही मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी गोंड किंवा भिल्ल चित्रांच्या स्टॉलपाशी उभं राहिलं, की एक सल्ला हमखास कानावर पडतो. मोठी चित्रं परत कागदात गुंडाळली जात असतात, आणि कुणीतरी जाणता माणूस सांगत असतो, "बाजारानं कौल दिलाय. छोटी हरणं गेली ना? मग पुढच्या वेळी छोटी हरणंच आणा."

हे मत आज सर्वमान्य आहे. ते खोडायचं तर आधी पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे. पूर्वपक्ष असा: कौतुक फुकट असतं, खिशात हात घालणं फुकट नसतं. "वा, काय सुंदर!" म्हणून पुढे जाणाऱ्या शंभर जणांपेक्षा पैसे मोजणारा एक जण खरं बोलतो. चित्रकाराला घर चालवायचं असतं, जागेचं भाडं, प्रवास, फ्रेमा यांचा खर्च आधीच झालेला असतो. म्हणून विक्री हीच परीक्षा मानावी, जे खपलं ते वाढवावं, जे पडून राहिलं ते बंद करावं. विक्रीतून शिकायचं ते हेच.

यातला पहिला भाग मला मान्य आहे. पडलेल्या विक्रीतून शिकता येतं आणि शिकलंच पाहिजे. वाद आहे तो काय शिकायचं यावर. माझं म्हणणं असं की मंद विक्री चित्राबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. विकण्याच्या पद्धतीबद्दल मात्र ती पुष्कळ सांगते, आणि नेमका तोच धडा गाळून आपण चित्रालाच शिक्षा करतो.

आधी गणित पाहू. एखाद्या चित्रकाराची मोठी चित्रं सरासरी मेळ्यामागे एक या हिशोबानं जातात असं समजा. अशा चित्रकाराचे किती मेळे अगदी कोरडे जातील? बहुतेकांना वाटतं, क्वचित एखादा. पण गिऱ्हाइकं एकमेकांना न विचारता आपापला निर्णय घेत असतील, तर शंभरातले सुमारे ३७ मेळे एकही मोठं चित्र न विकता संपतील. त्यात चित्राचा दोष नसेल, जागेचा नसेल आणि लोकांच्या अभिरुचीचाही नसेल. सलग दोन मेळे कोरडे जाण्याची शक्यता साडेतेरा टक्के, म्हणजे साधारण सातांत एक. मेळ्यामागे सरासरी तीन चित्रं खपणाऱ्या चांगल्या चित्रकारालाही वीस मेळ्यांत एकदा रिकाम्या हातानं परतावं लागेल. हे सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ याचं. १८३७ साली त्यानं ते ज्या ग्रंथात मांडलं, त्याचा विषय होता न्यायालयीन निवाड्यांची संभाव्यता. थोड्या घटनांवरून निकाल देताना माणूस कुठे चुकतो, हा प्रश्न तेव्हाही होता. एका मेळ्याच्या गल्ल्यावरून चित्रशैली बदलणारा सल्लागार तीच चूक करतो. सरासरी एक चित्र विकणाऱ्याचे ओळीनं पाच मेळे कोरडे गेले, तर मात्र निव्वळ योगायोगानं असं होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. तेव्हा खुशाल कारण शोधायला बसावं. त्याआधी नाही.

दुसरं असं, की विकल्या गेलेल्या चित्राकडे पाहून शिकण्याचा परिणाम आपण महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहिला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा मशे यांचं काम जगापुढे आलं. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. मशे यांनी कागदभर पसरलेलं मासेमारीचं जाळं रंगवलं, ज्यात रेषेमागून रेष घालून विणीचा ताण दिसतो. पण बाजारात खपला तो तारपा नाचाचा गोल. मग तो कुर्त्यांवर आला, कपांवर, फायलींवर, लग्नपत्रिकांवर आला. आज वारली म्हटलं की शंभरातल्या नव्वदांच्या डोळ्यांपुढे तो एकच गोल येतो. कुणाही पाड्यावरच्या चित्रकाराला विचारा, त्या गोलाचा भाव वाढला की घसरला. जे खपतं ते सगळेच काढू लागले की ते काढणारे वाढतात आणि किंमत उतरते. बाजाराचं ऐकून बाजारातच मार खायचा हा मार्ग आहे.

गोंड चित्रांत त्या गोलाची जागा हरणानं घेतली आहे. शिंगांचं झाड झालेलं हरीण सगळ्यांना आवडतं, आणि त्यात काही वावगं नाही. पण गोंड चित्राचा जीव आकृतीत जेवढा, तेवढाच तिच्या भरणात असतो. प्रत्येक चित्रकाराची भरण्याची स्वतःची तऱ्हा असते. कुणाचे ठिपके, कुणाच्या तुटक रेघा, कुणाच्या साखळ्या. जाणकार माणूस सही न बघता चित्र कुणाचं ते ओळखतो. मोठ्या चित्रात ही भरण आठवडेच्या आठवडे चालते. वीतभर हरणात ती दिसायला जागाच नसते. चित्रकाराला छोट्या हरणांवर आणून बसवलं, की त्याच्याकडे जे एकट्याचं आहे तेच आपण त्याच्या हातून काढून घेतो.

एक प्रसंग असा वारंवार घडतो. स्टॉलवर मागच्या बाजूला चार फुटांचं चित्र टेकवलेलं आहे. त्यात कावळा आहे, खेकडा आहे, गांडूळ आहे, पाण्यावर पसरलेलं कोळी किड्याचं जाळं आहे. समोर चिठ्ठी: गोंड पेंटिंग, आकार अमुक, किंमत तमुक. एक बाई थांबतात, चिठ्ठी वाचतात, "फ्रेमसकट का?" विचारतात आणि पुढे जातात. चित्रकार जेवायला गेलेला असतो, स्टॉलवर त्याचा पुतण्या बसलेला असतो. थोड्या वेळानं चित्रकार परततो, दुसरं कुणीतरी थांबतं, आणि तो सांगू लागतो: सगळीकडे पाणीच पाणी होतं, बडादेवानं कावळा घडवला आणि माती शोधायला धाडला, खेकड्यानं कावळ्याला मदत केली, गांडुळानं गिळलेली माती ओकायला लावली, कोळ्यानं पाण्यावर जाळं विणलं आणि त्यावर ती माती पसरली, तीच ही धरती. ऐकणारा माणूस खाली वाकून जाळं शोधतो. चित्र तेच, किंमत तीच, मेळाही तोच. बदललं एवढंच की आता चित्र बोललं. त्या दिवशी ते विकलं गेलं नाही तरी अपयश चित्राचं नव्हतं, चिठ्ठीचं होतं.

इथे परधानांचा इतिहास मध्ये आणावाच लागतो. भोपाळचे बहुतेक नामवंत गोंड चित्रकार परधान समाजातले, डिंडोरी-मंडला भागातले. परधान हे गोंडांचे गायक आणि वंशावळ सांगणारे. बाना हे तंतुवाद्य वाजवत ते ठरलेल्या यजमानांच्या घरी जात, देवांच्या आणि पूर्वजांच्या गोष्टी गात, आणि यजमान त्यांना धान्य, कपडा, गुरं देत. पुढल्या खेपेला पुन्हा तेच घर, पुढल्या पिढीतही तेच घर. अनोळखी माणसानं तीन मिनिटांत विकत घ्यावं अशी ही कला कधीच नव्हती. तिचा आधार परत परत जाण्यावर होता. म्हणून मेळ्याकडे बाजार म्हणून न पाहता नवे यजमान भेटण्याची जागा म्हणून पाहिलं, तर त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो. शून्य विक्री झाली, पण कथा शेवटपर्यंत ऐकणारी चार माणसं भेटली आणि त्यांचे नंबर वहीत आले, तर तो मेळा वाया गेला असं म्हणता येणार नाही. चाळीस हरणं गेली आणि एकाही गिऱ्हाइकाचं नाव ठाऊक नाही, तर पुढचा मेळा पुन्हा पहिलाच.

विक्री पडली पण यजमान भेटला, असं पॅरिसमध्येही घडलेलं आहे. १८७४ साली मोने, रेन्वार, पिसारो, देगा वगैरेंनी स्वतःचं पहिलं प्रदर्शन भरवलं. महिन्याभरात साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले, विक्री पडली, आणि वर्षअखेरीस हिशोब मांडला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८४ फ्रँक ५० सँतीमचं देणं निघालं. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्यातल्या चौघांनी लिलाव केला. तिथे आरडाओरडा झाला, रेन्वारची कित्येक चित्रं शंभर फ्रँकांच्या आत गेली. पूर्वपक्षाच्या न्यायानं त्यांनी त्याच दिवशी शैली बदलायला हवी होती. पण त्या लिलावाला व्हिक्टर शोके नावाचा सीमाशुल्क खात्यातला एक माणूस आला होता. त्यानं नंतर रेन्वारला पत्र लिहून पत्नीचं चित्र काढायला सांगितलं, आणि हळूहळू तो चित्रकार सेझानचाही मोठा संग्राहक झाला. लिलावाच्या आकड्यांत हे पुढचं काहीच दिसत नाही.

आणि खुद्द भोपाळचं काय? इथली आदिवासी चित्रकला उभी राहिली ती मेळ्यांतल्या विक्रीवर नाही. १९८१ साली चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भारत भवन या कलाकेंद्रासाठी आदिवासी चित्रकार शोधायला गावोगाव माणसं पाठवली. पाटनगढच्या एका भिंतीवरचं चित्र पाहून त्यांनी गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांना भोपाळला आणलं. फेब्रुवारी १९८२ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेलं भारत भवन उघडलं. त्याच इमारतीच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या झाबुआकडच्या भूरीबाईंच्या हातात स्वामीनाथन यांनी रंग दिले, आणि त्या कामाचे मजुरीपेक्षा जास्त पैसे दिले. जनगढ १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात होते, आणि आपले जिव्या मशेही त्याच प्रदर्शनात होते. भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ही माणसं पहिल्या वर्षी एखाद्या मेळ्यात स्टॉल मांडून बसली असती आणि गल्ल्यानं त्यांचा निकाल लावला असता, तर आज त्यांची नावं कुणाला कळली असती? जनगढ यांचा जपानमध्ये अकाली मृत्यू झाला तो २००१ साली. त्यांचं एक चित्र २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३१,२५० डॉलरला गेलं. किंमत आणि मोल यांच्या तारखा किती लांब असू शकतात, हे यावरून दिसतं. ही रक्कम त्यांच्या हयातीत त्यांच्या उपयोगी पडली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पूर्वपक्ष इथे एक रास्त आक्षेप घेईल: सगळ्यांना स्वामीनाथन भेटत नाहीत, आणि पोट थांबत नाही. अगदी खरं. म्हणून छोटी चित्रं, छापील कार्डं स्टॉलवर असूच देत, भाडं त्यातून निघू दे. पण ती भाड्यासाठी आहेत हे चित्रकाराला ठाऊक असावं, आणि मोठं चित्र त्यांच्यामुळे घरी राहू नये. पाचशेच्या कार्डापासून थेट पन्नास हजारांच्या चित्रावर उडी मारायला लावणारा स्टॉल गिऱ्हाइकाला मध्ये उभं राहायला पायरीच देत नाही. मधली किंमत नसणं हा पडलेल्या विक्रीचा अगदी ठळक धडा आहे, आणि तो दोष सहज दुरुस्त होतो. तसाच किंमत दर इंचाला लावण्याचा. ज्या चित्रात भरण दाट आहे त्याला वेळ जास्त लागतो, ते वेगळं मोजायला हवं आणि गिऱ्हाइकाला तसं सांगायलाही हवं.

दुसऱ्या टोकाचं एक मतही मोडून काढलं पाहिजे, कारण ते चित्रकारांत जास्त लाडकं आहे: लोकांनाच कला कळत नाही. हे मत आरामदायक आहे, म्हणूनच घातक. श्यामला हिल्सवरच्या जनजातीय संग्रहालयात तिकीट काढून येणारी कुटुंबं पाहावीत. मुलं भिंतींसमोर उभी राहतात, आया त्यांना प्राणी मोजायला लावतात. न कळणारी माणसं असं करत नाहीत. त्याच संग्रहालयातल्या लिखंदरा दालनात दर महिन्याला एका आदिवासी चित्रकाराची चित्रं विक्रीसह मांडली जातात. तिथे चित्राला महिना मिळतो, माणसाला पुन्हा येऊन पाहता येतं. मेळ्यात त्याच चित्राला गर्दीतले काही क्षण मिळतात. दोन्हींकडच्या विक्रीची तुलना करून लोकांच्या समजेबद्दल निष्कर्ष काढणं चूक आहे. फरक वेळेचा आहे.

तेव्हा विक्री पडली तर वहीत काय लिहावं? कुठलं चित्र लोकांनी हातात घेतलं, कुठल्यापाशी थांबले, काय विचारलं, किंमत ऐकून चेहरा पडला की चित्र पाहून, स्टॉल कुठे होता, शेजारी काय विकलं जात होतं, मी स्वतः किती वेळ स्टॉलवर होतो. ही नोंद तीन-चार मेळे ठेवावी आणि मग एकत्र वाचावी. काय रंगवायचं हा प्रश्न या वहीत येऊ नये. त्याचं उत्तर घरी, रंगांपाशी बसूनच मिळतं.

मेळे भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे: "गोंड पेंटिंग" एवढीच चिठ्ठी लावणं थांबवा. चित्रकाराचं नाव, गाव आणि चित्रातली गोष्ट दोन ओळींत लिहा, आणि निदान मोठ्या चित्रांच्या स्टॉलवर चित्रकार हजर राहील अशी त्याच्या जेवणाची, चहाची सोय करा. आणि वाचकांना: एखादं चित्र आवडलं, पण आज जमत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि चित्रकाराचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी त्याला फोन करा.