केली, टॉमस
(१३ जुलै १७६९–१४ मे १८५५). आयर्लंडमधील इव्हँजेलिकल ख्रिस्ती धर्मोपदेशक व इंग्रजी स्तोत्रगीतकार. सुमारे साठ वर्षांच्या काळात त्याने ७६५ स्तोत्रगीते रचली. प्रस्थापित चर्चशी मतभेद झाल्यामुळे तो त्यातून बाहेर पडला आणि त्याने स्वतंत्र उपासक मंडळ्या स्थापन केल्या. या मंडळ्या कालांतराने लुप्त झाल्या; त्याची निवडक गीते मात्र इंग्रजी भाषिक ख्रिस्ती जगातील अनेक पंथांच्या उपासनेत रूढ झाली.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमधील बहुसंख्य जनता रोमन कॅथलिक होती, परंतु राज्याची मान्यता अँग्लिकन परंपरेच्या ‘चर्च ऑफ आयर्लंड’ या चर्चला होती. जमीनदार, न्यायाधीश व संसदसदस्य प्रायः या अल्पसंख्य वर्गातून येत. त्या चर्चसाठी द्यावा लागणारा धर्मकर कॅथलिक कुळांकडूनही वसूल केला जाई. राजाश्रय व उत्पन्न यांमुळे धर्मगुरूचे पद हे अनेकांच्या दृष्टीने एक प्रतिष्ठेची नोकरी बनले होते. या स्थितीविरुद्ध प्रॉटेस्टंटांमध्येच इव्हँजेलिकल पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली. जॉन वेस्ली याने १७४७ पासून आयर्लंडचे एकवीस दौरे केले. बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य, मनुष्याचे पतित स्वरूप, ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाने घडणारे पापमोचन आणि केवळ श्रद्धेने लाभणारे तारण, ही या चळवळीची प्रमुख तत्त्वे होत. संस्कारविधींपेक्षा व्यक्तीच्या अंतःकरणातील परिवर्तनावर तिचा भर होता.

सामूहिक गायन हे या चळवळीचे प्रभावी साधन होते. अँग्लिकन उपासनेत त्या काळी मुख्यतः बायबलमधील स्तोत्रसंहितेची पद्यरूपे गायिली जात. डब्लिनमध्ये जन्मलेला नेअम टेट व निकोलस ब्रेडी यांनी १६९६ मध्ये प्रसिद्ध केलेले पद्यरूपांतर विशेष प्रचारात होते. मानवाने स्वतंत्रपणे रचलेली गीते उपासनेत गावीत की नाहीत, याविषयी मात्र वाद होता. आयझाक वॉट्स, चार्ल्स वेस्ली, जॉन न्यूटन व विल्यम कूपर यांच्या रचनांनी ही स्थिती हळूहळू पालटली. केली हा त्यांच्या पुढच्या पिढीतील गीतकार होय.

जीवन : केलीचे वडीलही टॉमस याच नावाचे असून ते आयर्लंडच्या ‘कॉमन प्लीज’ न्यायालयाचे न्यायाधीश होते. क्वीन्स परगण्यातील (सध्याचा लीश परगणा) केलिव्हिल ही या घराण्याची मालमत्ता होती. टॉमसचे उच्च शिक्षण डब्लिन येथील ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. वडिलांप्रमाणेच वकिली करावी या हेतूने त्याने लंडनच्या ‘मिडल टेंपल’ या संस्थेत प्रवेश घेतला. तेथील वास्तव्यात विख्यात राजनीतिज्ञ एडमंड बर्क याच्याशी त्याचा परिचय झाला.

याच काळात त्याच्या मनात धर्मविषयक विचारांनी खळबळ उडाली. विल्यम रोमेन या लंडनमधील इव्हँजेलिकल धर्मोपदेशकाच्या ग्रंथांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. प्रारंभी त्याने उपवासादी कठोर आचरणाने मनःशांती मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यापायी त्याची प्रकृतीही ढासळली. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर श्रद्धेच्या योगे नीतिमान ठरतो, या निष्कर्षाप्रत तो अखेर आला व वकिलीचा विचार सोडून १७९२ मध्ये त्याने चर्च ऑफ आयर्लंडची धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. त्याची ही मते कुटुंबीयांना रुचली नाहीत. प्रियजनांच्या इच्छेविरुद्ध उभे राहणे हे त्याला देहदंडाहूनही अवघड वाटले, असे त्याच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे.

डब्लिनमध्ये केली व त्याचे समविचारी तरुण सहकारी यांची प्रवचने लोकप्रिय ठरली. १७९३ मध्ये इंग्लंडमधील सुप्रसिद्ध फिरता उपदेशक रोलंड हिल हा डब्लिनला आला. त्याच्या सहवासाने केलीचा उत्साह दुणावला. श्रद्धेने मिळणाऱ्या तारणाचा हा आवेशपूर्ण प्रचार वरिष्ठांना मात्र आक्षेपार्ह वाटला. डब्लिनचा आर्चबिशप रॉबर्ट फाउलर याने केली व त्याचे सहकारी यांना आपल्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये प्रवचन करण्यास मनाई केली. अँग्लिकन व्यवस्थेत बिशपच्या अनुमतीवाचून धर्मगुरूला व्यासपीठ मिळत नसे. त्यामुळे ही मनाई म्हणजे त्याच्या कार्यावरच आलेले संकट होते. तथापि खाजगी देणगीतून उभारलेले बेथेस्डा प्रार्थनामंदिर व प्लंकेट मार्गावरील सभागृह यांसारखी स्थळे या अधिकाराच्या थेट कक्षेबाहेर होती. तेथे त्याने आपले कार्य चालू ठेवले.

प्रस्थापित चर्चमध्ये राहून सुधारणा घडवावी, की त्यातून बाहेर पडावे, हा प्रश्न त्या पिढीतील अनेक इव्हँजेलिकलांपुढे होता. बहुतेकांनी पहिला मार्ग पतकरला. केलीने काही वर्षांनंतर दुसरा मार्ग स्वीकारला. वडिलोपार्जित संपत्तीमुळे त्याला उपजीविकेची चिंता नव्हती. या संपत्तीचा विनियोग करून त्याने अथाय, पोर्टार्लिंग्टन, वेक्सफर्ड इ. ठिकाणी प्रार्थनामंदिरे बांधली. त्याच्या अनुयायांना ‘केलीआइट’ असे नाव मिळाले. त्याच सुमारास जॉन वॉकर या ट्रिनिटी महाविद्यालयातील अध्यापकानेही चर्च सोडून स्वतःचा पंथ काढला होता. १८२० नंतरच्या दशकात डब्लिनमध्ये उदयास आलेल्या ‘ब्रेद्रेन’ चळवळीची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी अशा लहान मंडळ्यांचा इतिहास महत्त्वाचा आहे.

रचना : १८०२ मध्ये केलीने विविध लेखकांच्या रचनांचा एक संग्रह काढला व त्याच्या पुरवणीत स्वतःची ३३ गीते दिली. हिम्स ऑन व्हेरिअस पॅसेजिस ऑफ स्क्रिप्चर (१८०४, म. शी. ‘शास्त्रवचनांवरील स्तोत्रगीते’) हा त्याचा स्वतंत्र संग्रह. पहिल्या आवृत्तीत ९६ गीते होती. पुढील प्रत्येक आवृत्तीत भर पडत जाऊन १८५३ च्या आवृत्तीत ही संख्या ७६५ वर गेली. पहिल्या व अखेरच्या गीतांत जवळजवळ साठ वर्षांचे अंतर असले, तरी दोहोंतून तीच सत्ये त्याच रीतीने सांगितली आहेत, असे त्याने या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. तो संगीताचाही जाणकार होता. आपल्या गीतांत वापरलेल्या सर्व वृत्तांसाठी त्याने चाली रचल्या होत्या.

संग्रहाच्या नावाप्रमाणेच त्याची बहुतेक गीते बायबलमधील एखाद्या वचनावर आधारलेली आहेत. वचनातील मध्यवर्ती कल्पना घेऊन साध्या शब्दांत व गेय वृत्तात तिचा विस्तार करणे, ही त्याची पद्धती. क्रूस व राजमुकुट, अपमान व गौरव यांतील विरोध हा त्याचा आवडता विषय होय. १८०९ मधील त्याचे स्वर्गारोहणविषयक गीत प्रकटीकरणाच्या ११·१५ या वचनावर, तर १८१५ मधील क्रूसाचा महिमा वर्णिणारे गीत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील ६·१४ या वचनावर आधारलेले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील २·१० या वचनावरील १८२० चे गीत त्याची सर्वश्रेष्ठ रचना मानली जाते. काटेरी मुकुट धारण करणाऱ्या ख्रिस्ताच्याच मस्तकी आता वैभवाचा मुकुट आहे, ही कल्पना त्यात मांडली असून उत्तरार्धात त्याच्या अनुयायांना भोगाव्या लागणाऱ्या दुःखांचा अर्थ उलगडला आहे. जेरिमाइआ क्लार्क याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या, १७०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेंट मॅग्नस’ या चालीवर ते गायिले जाते.

केलीची सर्वच गीते सारख्या दर्जाची नाहीत. पुनरुक्ती व उपदेशाचा सूर यांमुळे अनेक गीते नीरस झाली आहेत. व्यक्तिगत व्यथेचा उद्गार त्यांत क्वचितच आढळतो. तथापि सामूहिक स्तवनाचा सूर त्याला उत्तम साधला. त्याची उत्कृष्ट गीते ‘मी’ पेक्षा ‘आम्ही’ या भूमिकेतून लिहिलेली आहेत.

समाज व केली : केलीच्या हयातीत आयर्लंडने १७९८ चे बंड, १८०१ मधील ब्रिटनशी झालेले एकीकरण व १८२९ चा कॅथलिक मुक्तीचा कायदा या घटना अनुभवल्या. कॅथलिकांविषयीची त्याची भूमिका इतर इव्हँजेलिकलांप्रमाणेच मतपरिवर्तनाची होती. अथाय येथील रोमन कॅथलिकांना उद्देशून त्याने १८२३ मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले. परंतु भूमी व धर्म यांच्या वादाने दुभंगलेल्या समाजात जमीनदार वर्गातील उपदेशकाचे आवाहन बहुजनांच्या श्रद्धेला फारसा धक्का देऊ शकले नाही. त्याच्याविषयी आदर निर्माण झाला तो मुख्यतः त्याच्या दानशीलतेमुळे. बटाट्याचे पीक बुडाल्याने १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले व तितक्याच लोकांनी देश सोडला. त्या दिवसांत डब्लिनमधील गोरगरिबांना त्याने मुक्तहस्ताने साहाय्य केले. दलदलीत बुडताना हात देऊन वर काढणारा केली आहे, असे सांगून एका गरिबाने आपल्या बायकोला धीर दिल्याची आठवण त्याच्याविषयी सांगितली जाते.

वृद्धापकाळीही त्याने प्रवचने चालू ठेवली. १८५४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला व पुढील वर्षी वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी तो मृत्यू पावला.

महत्त्व : केलीच्या मंडळ्या बव्हंशी त्याच्या व्यक्तिमत्त्वावर व द्रव्यसाहाय्यावर अवलंबून होत्या. त्यामुळे त्याच्या पश्चात त्या टिकल्या नाहीत व अनुयायी इतर चर्चमध्ये विलीन झाले. ज्या चर्चच्या व्यासपीठावरून त्याला दूर ठेवण्यात आले, त्याचा राजाश्रय १८६९ च्या कायद्यान्वये १८७१ मध्ये संपुष्टात आला. या चर्चच्या अधिकृत गीतसंग्रहात पुढे केलीच्या गीतांना स्थान मिळाले. इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका येथील संग्रहांतही ती समाविष्ट झाली. संघटना म्हणून त्याचे कार्य एका आयुष्यापुरतेच ठरले. मात्र धर्ममतांवरून ज्यांच्यापासून तो दुरावला, त्यांच्याही मुखी त्याची गीते राहिली.