अप्पियन मार्ग

रोम नगरीच्या दक्षिण तटबंदीत सान सेबास्तियानो नावाची वेस आहे. त्या वेशीतून बाहेर पडून काही मैल चालत गेले, म्हणजे शहराचा गलबला मागे पडतो. दोन्ही बाजूंस छत्रीसारखी पाइनची झाडे, भग्न समाध्या आणि मोकळी कुरणे दिसू लागतात. पायांखाली काळ्या दगडांची ओबडधोबड फरसबंदी लागते. हाच इतिहासप्रसिद्ध अप्पियन मार्ग होय.

इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये अप्पियस क्लॉडियस या सेन्सॉरने, म्हणजे शिरगणती व सार्वजनिक बांधकामे पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, या मार्गास आरंभ केला. दक्षिणेस साम्नाइट लोकांशी युद्ध चालू होते. सैन्य व रसद कापुआपर्यंत त्वरेने पोचावी, हा हेतू. पुढे हा मार्ग वाढत वाढत ब्रिंदिसी बंदरास जाऊन भिडला. खाली दगड व खडी यांचे थर, वर ज्वालामुखीचा कठीण दगड, आणि पाणी वाहून जावे म्हणून मध्यभाग किंचित उंच, अशी त्याची बांधणी. रुंदी सुमारे ४ मीटर. समोरासमोरचे दोन गाडे निघून जावेत इतकी.

परंतु या रस्त्याने केवळ विजयी सेनाच पाहिल्या नाहीत. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, इसवी सनापूर्वी ७१ मध्ये, क्रॅससने सुमारे ६,००० बंडखोरांना कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याच्या कडेने क्रुसांवर चढविले. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर एक बंदिवान याच वाटेने सम्राटाच्या न्यायासनाकडे नेला गेला. तो संत पौल. रोममधील बंधुजन अप्पियाच्या पेठेपर्यंत त्यास सामोरे आले आणि त्यांना पाहून त्यास धीर आला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नमूद आहे.

दोन सहस्र वर्षे टिकलेल्या या मार्गावर विसाव्या शतकात श्रीमंतांचे बंगले चढाई करू लागले. १९५३ मध्ये अंतोनिओ चेदेर्ना या पत्रकाराने त्याविरुद्ध लेखणी उचलली व ती आयुष्यभर खाली ठेवली नाही. १९६५ मध्ये रोमच्या नगररचनेच्या आराखड्यात ही भूमी सार्वजनिक उद्यानासाठी राखली गेली. १९८८ मध्ये प्रादेशिक उद्यान स्थापन झाले. २०२४ मध्ये युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशात समाविष्ट केला.

रस्त्यास नाव अप्पियसचे लाभले. ज्यांनी दगड वाहिले आणि जे क्रुसांवर मेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. दगडांवरील चाकोऱ्या मात्र अजून दिसतात. वारसा जपणाऱ्यांनी त्या निनावी माणसांची आठवणही जपावी, हेच न्यायाचे होईल.