विवाह-नियोजन व्यवसायाचा विकास : बलुत्यापासून सेवाकरापर्यंत

विवाह-नियोजन हा व्यवसाय १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाचे अपत्य होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. महाराष्ट्राच्या संदर्भात हे मत अंशतःच खरे आहे. नियोजनाचे काम जुनेच असून त्याचे स्वतंत्र मोल ठरणे तेवढे नवे आहे.

पारंपरिक ग्रामव्यवस्थेत विवाहाची कामे हक्काने वाटलेली होती. कुंभार मडकी पुरवी, परीट पायघड्या अंथरी, जोशी मुहूर्त काढून विधी चालवी. मोबदला बलुते व मानपानाच्या रूपाने मिळे. या सर्वांचा मेळ घालण्याचे काम घरातील वडीलधारी माणसे व भाऊबंद विनामोबदला करीत. ही व्यवस्था हक्क देई, तशीच जातीने जखडूनही ठेवी. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावून यांपैकी एका हक्काला आव्हान दिले.

विसाव्या शतकात शहरांतील राहती जागा अपुरी पडू लागली, तसे विवाहकार्य मंगल कार्यालयात आले. जागा, भांडी, आचारी व वाढपी एकाच ठिकाणी रोख मोबदल्यात मिळू लागले. कार्यालयाचा व्यवस्थापक हाच या अर्थाने आद्य विवाह-नियोजक ठरतो.

पुढील टप्प्यांचा मागोवा घेण्यास सेवाकराचा इतिहास उपयुक्त ठरतो. १९९४ मध्ये सुरू झालेला हा कर १ जुलै १९९७ पासून ‘मंडप-कीपर’ सेवेला, १६ ऑगस्ट २००२ पासून ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ला आणि १० सप्टेंबर २००४ पासून मंडप-शामियाना कंत्राटदार व बाहेर जाऊन भोजन पुरवणारे केटरर यांना लागू झाला. इव्हेंट मॅनेजमेंटच्या व्याख्येत पुढे विवाहाचा स्पष्ट उल्लेख आला. त्या व्याख्येत सल्ल्याचाही समावेश होता. भाऊबंदांचा फुकटचा सल्ला आता करपात्र सेवा ठरला होता. २०१७ मध्ये सेवाकर वस्तू व सेवा करात विलीन झाला.

तथापि, ही मान्यता सेवा विकणाऱ्याला मिळाली, राबणाऱ्याला नव्हे. पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया, वाढपी व वाजंत्री यांचे हंगामी श्रम या नोंदींत दिसत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत विवाहास ५० जणांची मर्यादा आली, तेव्हा त्यांच्या रोजगाराची अनिश्चितता उघड झाली. बलुतेदाराला हक्क होता, पण काम नाकारण्याचे स्वातंत्र्य नव्हते. या श्रमिकांना स्वातंत्र्य आहे, पण कामाची हमी नाही. त्यांची नोंद घेतल्याखेरीज या व्यवसायाचा इतिहास पूर्ण होणार नाही.