व्हिक्टोरियाकालीन आरमारांतील बाल-उमेदवार

ज्या वयांत आपल्याकडील मुलगा इंग्रजी दुसरी-तिसरींत शब्द पाठ करीत असे, त्या वयांत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यांतील कांहीं निवडक मुलें घर सोडून कायमचीं समुद्राचीं होत. बारा-तेरा वर्षांच्या लेकरांतून आरमाराचे अधिकारी घडवावयाचे, ही इंग्लंडची जुनी रीत. समुद्राची संवय कोवळ्या वयांतच लागली पाहिजे. सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाचें मन जमिनीलाच धरून बसतें, अशी तेथील नौसेनानींची दृढ समजूत होती. ही समजूत कितपत खरी होती आणि तिच्यापायीं काय किंमत मोजावी लागली, हें त्या मुलांच्या प्रवेशाच्या व शिक्षणाच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें.

पोर्टस्मथ येथील आरमारी विद्यालय १८३७ सालीं या मुलांना बंद झालें आणि पुढें वीस वर्षें त्यांना अशी शाळाच उरली नाहीं. मुलगा थेट जहाजावर जाई आणि जें शिके तें तेथेंच शिके. प्रवेशाची किल्ली विद्येच्या नव्हे, तर वशिल्याच्या हातीं होती. एखाद्या बड्या अधिकाऱ्यानें शिफारस केल्यावांचून मुलाचें नांव पुढें जात नसे. जॉन फिशर याची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. हा १८४१ सालीं सिलोनमध्यें जन्मला. बाप लष्करी नोकरी सोडून कॉफीच्या मळ्यांत पडलेला. घरची स्थिति ओढगस्तीची. परंतु त्याच्या धर्ममातेची नेल्सनच्या हाताखालीं कप्तान राहिलेल्या अ‍ॅडमिरल पार्कर यांच्याशीं ओळख होती, म्हणून १८५४ सालीं तेराव्या वर्षीं त्याला शिफारस मिळाली. परीक्षा म्हणजे, त्यानेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, ख्रिस्ती प्रार्थना लिहून काढणें, त्रैराशिकाचें एक उदाहरण सोडविणें आणि शेरी मद्याचा एक पेला पिणें, इतकीच! लौकरच तो ‘कलकत्ता’ नांवाच्या ८४ तोफांच्या युद्धनौकेवर रुजू झाला. ही नौका मुंबईच्या गोदींत बांधलेली असून १८३१ सालीं पाण्यांत उतरली होती. हाच मुलगा पुढें ब्रिटिश आरमाराचा सर्वश्रेष्ठ सुधारक झाला.

मुलांना एकदम समुद्रांत लोटण्यापूर्वीं कांहीं पद्धतशीर शिक्षण द्यावें, हा विचार १८५७ सालीं अमलांत आला. ‘इलस्ट्रियस’ नांवाचें जुनें जहाज पोर्टस्मथला नांगरून त्यावर शाळा उघडण्यांत आली. १८५९ सालीं तिची जागा ‘ब्रिटानिया’ या मोठ्या जहाजानें घेतली. हें जहाज आधीं पोर्टलंडला व नंतर १८६३ सालीं डेव्हन परगण्यांतील डार्टमथ येथें डार्ट नदीच्या मुखांत नेण्यांत आलें. मुलांची दाटी वाढूं लागतांच ‘हिंदोस्तान’ नांवाचें दुसरें जहाज शेजारीं आणून दोहोंमध्यें पूल बांधला गेला. १८६९ सालीं जुनी ब्रिटानिया जाऊन तिच्या जागीं आलेल्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या तीन मजली जहाजाला तेंच नांव देण्यांत आलें.

या तरंगत्या शाळेंतील आयुष्य कडक होतें. मुलाच्या मालकीचें म्हणजे एक संदूक आणि एक किंतानाची झोळी. रात्रीं झोळी तुळईला टांगून तींत निजावयाचें; सकाळीं ती गुंडाळून बांधून ठेवावयाची आणि थंड पाण्यानें स्नान करावयाचें. मग गणित, नौकानयन, फ्रेंच व चित्रकला यांचे तास. सूर्य व तारे यांची उंची मोजून जहाजाचें स्थान कसें काढावें, हा सर्व गणिताचा गाभा. त्याखेरीज दोरांच्या गांठी, शिडांची कवाईत, होडी वल्हविणें. डोलकाठीवर चढण्याचा सराव असे; खालीं पडणाऱ्याला झेलण्यासाठीं जाळें ताणलेलें असे. साहित्य व इतिहास यांना मात्र फारच थोडा वाव होता. दोन वर्षांच्या अखेरीस परीक्षा होई. जो वर येई त्याला ताबडतोब मिडशिपमनचा दर्जा मिळे, आणि पंधरा वर्षांचा तो पोर पोक्त खलाशांना हुकूम सोडूं लागे.

येथें राजपुत्रांनाही निराळा अभ्यास नव्हता. १८७७ सालीं राणीचे दोन नातू, तेरा वर्षांचा आल्बर्ट व्हिक्टर आणि बारा वर्षांचा जॉर्ज, शाळेंत दाखल झाले. यांतील जॉर्ज म्हणजेच १९११ सालीं दिल्ली दरबारासाठीं मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलेले पांचवे जॉर्ज बादशहा. थोरल्या मुलांनीं धाकट्यांना छळण्याची खोड त्या शाळेंत होती आणि राजपुत्रपणाचें कवच तेथें उपयोगी पडलें नाहीं. १८८१ सालीं आलेला रॉबर्ट स्कॉट दोन वर्षांनीं २६ मुलांत सातवा येऊन बाहेर पडला. दक्षिण ध्रुव गांठून परत येतांना १९१२ सालीं बर्फांत देह ठेवणारा तो हाच वीर.

परंतु या शाळेचें दार अरुंद होतें. १८७० सालीं आरमारखात्याचे मंत्री ह्यू चिल्डर्स यांनीं, जागांच्या मानानें अधिक मुलांची शिफारस करून त्यांच्यांत परीक्षेची चुरस लावण्याची पद्धत सुरू केली. वशिल्याला गुणांचा लगाम घालण्याचा तो यत्न होता. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें ‘कॅप्टन’ नांवाची नवी युद्धनौका स्पेनच्या किनाऱ्यानजीक वादळांत उलटली. सुमारें पावणेपांचशें माणसें बुडालीं. केवळ अठरा वांचलीं. मृतांत चिल्डर्स यांचा मिडशिपमन मुलगाही होता. नौकेवरील आपला विश्वास लोकांना दिसावा म्हणून बापानेंच त्याला तिच्यावर बदलून घेतलें होतें. पुढें चिल्डर्स यांची पद्धतही थोड्याच वर्षांत बाजूस पडली. वशिल्यावर आणखी पैशाचें कुलूप पडलें. शाळेचें शुल्क वर्षास ७० ते ७५ पौंडांपर्यंत गेलें. मिडशिपमनचा रोजचा पगार पावणेदोन शिलिंग; म्हणून त्याच्या घरून वर्षाला आणखी ५० पौंड यावे, अशी अट असे. सामान्य कारकुनाला किंवा शिक्षकाला हा खर्च झेपणें अशक्यच होतें.

दुसरें व्यंग अभ्यासक्रमाचें. १८६० सालीं हें तीन मजली लांकडी जहाज पाण्यांत उतरलें, त्याच सालीं ‘वॉरियर’ ही लोखंडी चिलखती नौकाही उतरली आणि लांकडी युद्धनौकांचा काळ संपला. १८७३ सालीं ‘डेव्हस्टेशन’ ही शिडांवांचून चालणारी मोठी युद्धनौका सिद्ध झाली. तरी मुलें शिडें बांधण्यांतच प्रवीण होत राहिलीं. वाफेचें इंजिन जाणणारा इंजिनियर निराळ्या विद्यालयांतून येई आणि जेवणाच्या मेजावर कमी प्रतीचा गणला जाई. युद्धनौकेचा प्राण इंजिनांत. पण तिचा मान मात्र डोलकाठीला!

ही विसंगति मोडण्याचें श्रेय फिशरलाच आहे. १९०२ सालच्या अखेरीस, मंत्री लॉर्ड सेलबोर्न यांच्या नांवानें, त्याची योजना जाहीर झाली. नाविक आणि इंजिनियर यांचा प्रवेश व प्राथमिक शिक्षण एकत्र झालें. मुलाची प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निवड होऊं लागली. १९०३ सालीं ऑस्बोर्न येथें आणि १९०५ सालीं डार्टमथच्या टेकडीवर पक्क्या इमारतींत विद्यालयें उघडलीं. शुल्कामुळें आपण अगदीं लहानशा वर्गांतून सेनापति निवडतों, हें फिशर कंठरवानें सांगत राहिला. पण शुल्क त्याच्या हयातींत सुटलें नाहीं. आणि आश्चर्य असें कीं, १८९७ च्या सुमारास साडेचौदांवर नेलेलें प्रवेशाचें वय याच सुधारकानें पुन्हां बारा-तेरांवर आणलें. स्वतःचें बालपण समुद्राला दिलेल्या मनुष्याला दुसरा मार्ग सुचला नाहीं.

त्या जुन्या समजुतीची खरी कसोटी यानंतर लागली. १९१३ सालीं अधिकाऱ्यांची वाण पडली म्हणून सामान्य शाळांतील अठरा वर्षांचीं मुलें घेण्यास आरंभ झाला. समुद्र न पाहिलेलीं हीं मुलें बाल-उमेदवारांच्या तोडीचीं निघालीं आणि त्यांच्यांतूनही अ‍ॅडमिरल झाले. उलट १९१४ च्या ऑगस्टमध्यें डार्टमथचे वर्ग एका दिवसांत रिकामे करून पंधरा वर्षांचीं पोरें लढाईवर धाडलीं गेलीं. सप्टेंबरच्या २२ तारखेस एका जर्मन पाणबुडीनें तीन क्रूझर बुडविल्या, तेव्हां त्यांतील कित्येक परत आलीं नाहींत. तरीही तेराव्या वर्षाचा प्रवेश दुसऱ्या महायुद्धानंतरच सुटला. १९४८ पासून सोळा वर्षांचीं मुलें घेतलीं जाऊं लागलीं.

शिस्त, धैर्य आणि हजरजबाबी निर्णयशक्ति हे गुण ब्रिटानियेनें आपल्या मुलांना निःसंशय दिले. परंतु ते गुण बाराव्या वर्षींच पेरावे लागतात, हें मात्र तिला सिद्ध करतां आलें नाहीं.