शेर गेला, पावशेर राहिला

मेट्रिक मापे येण्यापूर्वी भारतात ‘मण’ म्हणजे किती, हे गावाचे नाव कळल्याशिवाय सांगता येत नसे. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी हिशेबांत बंगालचा मण सुमारे 82 पौंडांचा, मुंबईचा 28 पौंडांचा आणि मद्रासचा 25 पौंडांचा होता. महाराष्ट्राच्या खेड्यांत तर धान्य तोलण्यापेक्षा मापण्याचीच रीत अधिक होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली; मण कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळा; आणि वीस मणांची खंडी. मापी शेर हा आकारमानाचा असल्याने एक शेर ज्वारी आणि एक शेर तांदूळ तराजूवर सारखे भरत नसत. त्यातच माप शीग लावून भरायचे की सपाट, हाही प्रश्न असे. धान्य घेताना शिगेचे आणि देताना सपाट माप वापरले, तर नुकसान नेहमी दुबळ्याच्याच पदरी पडे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग उगीच रूढ झालेला नाही.

इंग्रजी अमलात एकसूत्रता आणण्याचा प्रयत्न नाण्याच्या आधारे झाला. 1835 पासून कंपनीचा रुपया 180 ग्रेन वजनाचा ठरला आणि तोळाही तेवढाच धरला गेला. त्यामुळे रुपयाचे नाणेच तराजूत वजन म्हणून टाकता येई. 80 तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे आजचे सुमारे 933 ग्रॅम, आणि 40 शेरांचा मण म्हणजे सुमारे 37.3 किलो. 1939 च्या कायद्याने हीच प्रमाणे देशासाठी ठरवली, पण बाजारपेठांच्या स्थानिक सवयी त्याने मोडल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर जुन्यातले एखादे माप सर्वांवर लादण्याऐवजी सरकारने दशमान पद्धतीच स्वीकारली. फ्रान्समध्ये ती 1790 च्या दशकात जन्मली होती आणि 1875 च्या मीटर करारामुळे आंतरराष्ट्रीय झाली होती. भारतात आधी नाणी बदलली. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 16 आणे किंवा 64 पैसे जाऊन 100 नवे पैसे आले. चार आण्यांचे 25 पैसे बिनतक्रार झाले. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होत, आणि ते कोणत्याच नव्या नाण्यांनी चुकते करता येत नसत. वजनमापांचा कायदा 1956 च्या अखेरीस झाला, त्याची अंमलबजावणी 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि 1962 पर्यंत बाजारातली जुनी वजने बेकायदा ठरली. इतक्या मोठ्या, बहुसंख्य निरक्षर देशात हा बदल चारपाच वर्षांत घडला, ही प्रशासनाची फार मोठी कामगिरी मानली पाहिजे.

या बदलाने मराठी शाळेतले गणितही बदलले. जुनी मापे चारचार आणि सोळासोळांच्या पटीत चालत, म्हणून मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ करावी लागे. साडेतीन शेरांचा भाव सांगायला औटकी उपयोगी पडे. दशांश चिन्हाने ही गरज संपवली आणि ते पाढेही हळूहळू विस्मरणात गेले.

शब्द मात्र टिकले. शेर नाहीसा झाला तरी भाजीबाजारात पावशेर मिरची मागितली की 250 ग्रॅम मिळते. खऱ्या पावशेराचे वजन सुमारे 233 ग्रॅम होते. सराफाचा तोळा 11.66 ग्रॅमवरून व्यवहारात 10 ग्रॅमवर आला. घराच्या करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहिले जाते, बोलणी मात्र चौरस फुटांतच होतात. वाळू आजही ब्रासवर विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. जमिनीच्या बाबतीत हा दुहेरीपणा सर्वांत जास्त जाणवतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, तर बांधावर सौदा गुंठ्यात ठरतो. गुंठा म्हणजे 33 फूट लांबरुंद चौरस, 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे मिळून एक एकर. योगायोगाने एक गुंठा जवळपास एका आराएवढाच, 101.17 चौरस मीटर, भरतो. म्हणून शेतकऱ्याला दोन्ही भाषा सहज जमतात. पण हा फरक नगण्य समजू नये. 100 गुंठ्यांत तो 117 चौरस मीटरांपर्यंत, म्हणजे एका गुंठ्याहून अधिक होतो.

कापसाच्या व्यापारात तर जुने माप थेट किलोत बांधले गेले आहे. मुंबईच्या बाजारातली कापसाची खंडी 784 पौंडांची, म्हणजे धान्यासारखी वीस नव्हे, तर 28 पौंडांच्या 28 मणांची होती. रुईचे भाव आजही खंडीनेच बोलले जातात, आणि ती खंडी 356 किलोंची धरतात.