तालीम : एका शब्दाचा औरंगाबादी मुक्काम

मराठी नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधीचे दोन-तीन महिने ज्या सरावात घालवतात त्याला तालीम म्हणतात, आणि मल्ल ज्या तांबड्या मातीत अंग घुसळतो त्या जागेचे नावही तालीमच असते. हे दोन्ही अर्थ मराठी कानाला इतके सवयीचे झाले आहेत की शब्द बाहेरून आला आहे याची आठवण सहसा कोणाला होत नाही. शहराशहरांतल्या रंगभूमीचा इतिहास लिहिताना नाट्यगृहे, नाटके, नटनट्या आणि प्रयोगांचे आकडे मोजण्याची रीत आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या रंगभूमीला मात्र ही मोजपट्टी पुरत नाही, कारण या शहरात नाटक करणारी माणसे आधी आली आणि नाट्यगृहे मागून आली. येथील रंगभूमीची कुळकथा सांगायची तर ती तालमीच्या खोलीपासूनच सांगावी लागते, आणि त्या खोलीला जे नाव आहे त्या नावापासूनही.

‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द असून ‘इल्म’, म्हणजे ज्ञान, हा ज्या धातूचा त्याच धातूचा तो आहे; शिकवणाऱ्याला ‘मुअल्लिम’ म्हणतात तोही याच कुळातला. फारसीच्या वाटेने दख्खनच्या दरबारी व्यवहारात आणि तेथून मराठीत उतरताना शब्दाचा अर्थ अरुंद झाला. पुस्तकी शिक्षणाला मराठीकडे ‘विद्या’ होती, ‘शिक्षण’ होते, ‘अभ्यास’ होता. त्यामुळे जी विद्या वाचून येत नाही, जी उस्तादासमोर उभे राहून, चुकून आणि पुन्हा करून अंगात मुरवावी लागते, तेवढ्यापुरता हा शब्द राखला गेला. कुस्ती, दांडपट्टा, गाणे, नाच आणि पुढे नाटक ही त्याची घरे झाली. गवई आजही आपण अमुक खाँसाहेबांची ‘तालीम घेतली’ असे म्हणतो, तेव्हा त्याला हाच अर्थ अभिप्रेत असतो. मराठीने शब्द किती आपलासा केला हे त्याच्या सामान्यरूपावरून कळते. ‘जमीन’चे ‘जमिनीत’ आणि ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते, त्या वळणाने ‘तालिमीत’ व्हायला हवे होते, पण जिभेने मधला इकार टाकून दिला आणि ‘तालमीत’ हे रूप घडवले. पाहुण्या शब्दाशी इतकी सलगी कोणी करत नाही.

नाटकाच्या अर्थाने हा शब्द रुळण्यासाठी अर्थातच नाटक मंडळ्या उभ्या राहाव्या लागल्या. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्या जमान्यातील मंडळ्यांत नाटक बसवणाऱ्याला ‘दिग्दर्शक’ म्हणत नसत. तो ‘तालीममास्तर’ असे. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हे या पदाचे सर्वांत नावाजलेले मानकरी. तालीममास्तराचे काम नाटकाचा अर्थ लावण्यापेक्षा नट घडवण्याचे होते. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हात कुठवर उचलायचा हे तो शिकवी, आणि नट ते घोटून घोटून पक्के करी. पुढे बोलपट आले, नाटकाची जुनी घडी बदलली आणि ‘दिग्दर्शक’ हा संस्कृत शब्द रूढ झाला. मास्तर गेला, तालीम मात्र राहिली. इंग्रजीतील ‘रिहर्सल’चे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत असून त्याचा मूळ अर्थ शेतावर पुन्हा कुळव फिरवणे असा आहे, मराठवाड्यातील शेतकरी ज्याला वखराची दुसरी पाळी म्हणेल तेच. म्हणजे त्या भाषेत भर पुन्हा करण्यावर आहे, तर मराठीत शिकण्यावर. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून समाजाचे स्वभाव ठरवण्याचा मोह टाळावा हे खरे, तरी औरंगाबादच्या बाबतीत हा फरक केवळ कोशातला राहिला नाही.

याचे कारण असे की या शहरात ‘तालीम’ हा शब्द आपल्या मूळ, रुंद अर्थानेही नांदत होता. वली आणि सिराज यांच्यासारख्या कवींचे हे गाव, आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातले. संस्थानाची राजभाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. सरकारच्या शिक्षण खात्याचे नाव ‘तालीमात’ आणि त्याचा प्रमुख ‘नाझिम-ए-तालीमात’. उर्दूचे पितामह म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक याच खात्याचे अधिकारी म्हणून औरंगाबादेत होते, आणि ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचा कारभार त्यांनी बरीच वर्षे येथूनच चालवला. तेव्हा एकाच शहरात, एकाच संध्याकाळी, एका मोहल्ल्यात मुलाच्या तालमीची चिंता करणारा बाप त्याच्या शाळेबद्दल बोलत असे आणि पलीकडच्या आळीतला बाप त्याच्या दंडबैठकांबद्दल.

या राजवटीत मराठी माणसाच्या दृष्टीने शब्दाचे सगळेच अर्थ अडचणीत होते. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या १९२९ मधील परिपत्रकाने जाहीर सभांना पूर्वपरवानगीची अट घातली. ‘गश्ती’ म्हणजे सर्वत्र फिरवायचा सरकारी हुकूम. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही परवानगीचे बंधन होते. मातृभाषेतून शिकण्याची सोय थोड्या संस्थांनी कष्टाने जपली, त्यांत १९१५ पासूनची सरस्वती भुवन ही संस्था प्रमुख होय. जेथे चार माणसे जमवायला अर्ज करावा लागतो तेथे हौशी नाटकाचे पीक येत नाही, हे सांगायला पुराव्याची गरज नाही. एवढे मात्र नोंदवावे लागेल की परवानगी प्रयोगाला लागते. तालीम मुळात जाहीर नसते, ती बंद दाराआड होते, आणि शाळेचे स्नेहसंमेलन किंवा गणेशोत्सवातील मेळा अशा निमित्तांच्या आडोशाने ती चालू राहू शकते.

शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे आणि तेथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली, हा संदर्भ या शहराच्या प्रत्येक नाट्यविषयक भाषणात येतो. तो चुकीचा नाही, पण वापरला जातो तितका सरळही नाही. सोंगी भारुडात, म्हणजे वेश घेऊन सादर होणाऱ्या भारुडात, भारुडकरी जोगवा मागणारी बाई होतो, वासुदेव होतो, विंचू चावलेला माणूस होतो. पण त्याची तालीम कोणी घेत नाही. तो मागच्या पिढीचे पाहून, टाळकऱ्यांत उभा राहून शिकतो. तालमीशिवायची ही परंपरा आणि तालमीवर उभे असलेले नाटक यांची गाठ औरंगाबादेत पुढे पडली खरी, परंतु मधे बरेच काही घडावे लागले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झाले. मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ही नावे त्याचीच. त्याचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले, आणि १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाला आरंभीचे स्थान दिले जाते. येथे अधिक लक्षणीय आहे ती त्याची घडण: नाटककार शिक्षक, नट विद्यार्थी, नाटक मंडळी म्हणजे महाविद्यालय. ज्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी होती, त्यांनी उच्चार, उभे राहणे, हजारो लोकांसमोर आवाज लावणे हे शिकावे, यात उर्दूतली तालीम आणि मराठीतली तालीम वेगळी काढता येत नाही.

१९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७० च्या दशकात तेथे नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांच्याकडे त्याची धुरा आली. विद्यापीठाने नाटक हा विषय शिकवावा ही गोष्ट मराठी मुलुखात तेव्हा नवी होती, आणि ती मुंबई-पुण्याआधी नाट्यपरंपरेचा फारसा लौकिक नसलेल्या शहरात रुजावी, यात वरवर विसंगती दिसते. खरे तर कारण तेच असावे. पुण्यात नट व्हायचे तर एखाद्या संस्थेत शिरून सतरंज्या उचलण्यापासून आरंभ करता येत होता. येथे शिरायला तशी संस्थाच नव्हती, म्हणून शिकण्याची जागा बांधावी लागली. विभागाने अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, म्हणजे रंगमंचावरील देखावा, आणि प्रकाशयोजना यांचे पाठ ठरवले, त्यांची परीक्षा घेतली आणि गुण दिले. जी तालीम एरवी नोकरी सुटल्यावर रात्री नऊला सुरू होई, ती दिवसाढवळ्या वेळापत्रकात आली. परभणी, बीड, नांदेड, जालन्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांना घरी सांगायला कारण मिळाले: नाटक करतो आहे असे नव्हे, शिकतो आहे असे.

या विभागाचे नाव घरोघर पोचवले ते तेथेच अध्यापन करणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी. त्यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग १९७९ मध्ये सुरू झाला. एकपात्री म्हणजे एकाच नटाने सर्व पात्रे वठवणे; पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने १९६१ पासून मराठी प्रेक्षकाला त्याची गोडी लावलेली होती. परंतु पुलंची चाळ मुंबईची होती आणि तिची बोली शहरी. लक्ष्मणरावांनी मराठवाड्यातील खेड्याचे अख्खे वऱ्हाड, त्याच्या हेलांसकट आणि रुसव्याफुगव्यांसकट, विमानात बसवले. बावन्न पात्रे, एक नट. खांद्यावरचे वस्त्र पदर होई, पटका होई, आणि मानेच्या एका झटक्यात म्हातारीचा पोरगा होई. गिनीज बुकात नोंद झाली, प्रयोगांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली, आणि २००९ मध्ये लक्ष्मणराव गेल्यानंतर संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे चालवला. याला नेपथ्य लागत नाही, विंगेत उभी राहणारी माणसे लागत नाहीत, फिरता रंगमंच लागत नाही. शाळेचे पटांगण पुरते. नाट्यगृहांची वानवा असलेल्या प्रदेशात हाच प्रकार फळावा हे ओघानेच आले. भारुडकऱ्याचे सोंग घेणे आणि विद्यापीठाने शिस्त लावलेला आवाज यांची मघाशी म्हटलेली गाठ पडली ती येथे. ही गाठ लक्ष्मणरावांनी ठरवून घातली असे म्हणायचे कारण नाही. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाच्या अंगात कीर्तन-भारुडाचे वळण असतेच, तालीम ते फक्त जागेवर आणते.

विभागाच्या आसपास आणि शहरातल्या महाविद्यालयांतून हौशी संस्थाही निघाल्या. त्यांत ‘जिगीषा’ सर्वांत दूर गेली. संस्कृतात या शब्दाचा अर्थ जिंकण्याची इच्छा. १९८० च्या दशकात औरंगाबादेत जमलेला हा तरुणांचा गट पुढे मुंबईला गेला, आणि प्रशांत दळवी यांनी लिहिलेले, चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेले ‘चारचौघी’ १९९१ मध्ये रंगभूमीवर आल्यावर महाराष्ट्राला त्याची नीट ओळख झाली. शहराने नाटकाची तालीम द्यावी आणि प्रयोग मुंबईत व्हावेत, हा क्रम तेव्हापासून जवळजवळ पक्का झाला. अजित दळवी यांच्यासारखे नाटककार औरंगाबादेत राज्यशास्त्र शिकवत राहिले आणि त्यांची नाटके मुंबईत उभी राहिली. शहराला याचा अभिमान आहे आणि थोडी खंतही. दोन्ही रास्त आहेत.

आज शहरात उस्मानपुऱ्याचे संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोतील संत तुकाराम नाट्यगृह आणि निराला बाजारातील तापडिया नाट्यमंदिर आहे. पण हौशी संस्थेला नाट्यगृह भाड्याने मिळते ते प्रयोगाच्या दिवसापुरते, तालमीसाठी नव्हे. राज्य नाट्य स्पर्धेचे, म्हणजे १९५४ पासून सरकारने चालवलेल्या हौशी नाटकांच्या स्पर्धेचे, दिवस जवळ आले की शाळांचे वर्ग आणि मंगल कार्यालयांची दालने संध्याकाळी शोधली जातात. नारळ फोडून संहितेचे वाचन होते. मग ‘उभ्या तालमी’ सुरू होतात, म्हणजे पुस्तक हातात घेऊन किंवा टाकून हालचालींसह केलेला सराव, आणि गंमत अशी की उभे राहून चाललेल्या या कामाला मराठीत नाटक ‘बसवणे’ म्हणतात. सर्वांत शेवटी येते ती ‘रंगीत तालीम’: रंगभूषा, वेशभूषा, दिवे, पार्श्वसंगीत आणि तिसरी घंटा यांसह, फक्त प्रेक्षकांविना. ‘रंग’ हा संस्कृत शब्द, तोंडाला लावायचा आणि नट उभा राहतो तोही; त्याला जोडून अरबी ‘तालीम’. ही रंगीत तालीमही पुष्कळदा खऱ्या रंगमंचावर होत नाही. मंचाची मापे आणून शाळेच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखतात, दोन बाकांमधली फट म्हणजे दार, उलटे ठेवलेले टेबल म्हणजे पलंग, आणि रेघेबाहेर पाय गेला की भिंतीतून गेलास म्हणून दिग्दर्शक ओरडतो. रात्री निघताना कोणीतरी ओल्या फडक्याने ती रेघ पुसतो, कारण सकाळी तेथे चौथीचा वर्ग भरायचा असतो.